हॉलिसला कशात भरायचं

हॉलिस टॅकेट मेला आणि त्याची शेवटची इच्छा अशी निघाली की, राख काडतुसांत भरून त्याला बदकांवर झाडावं.

अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातल्या त्या भागात हे काही अगदीच जगावेगळं नव्हतं. भातशेतीच्या कडेला हिवाळ्यात पाणी भरलेली रानं, रानात बदकं, आणि बदकांच्या मागे गावातले झाडून सारे पुरुष. कुणाची राख तळ्यात गेली होती, कुणाची ट्रॅक्टरच्या मागून शेतात. चर्चचे पाद्री ब्रदर पर्व्हिस यांना विचारलं, तेव्हा त्यांनी दोन दिवस घेतले आणि सांगितलं की माती मातीला मिळावी एवढंच लिहिलेलं आहे, वेग किती असावा हे लिहिलेलं नाही.

अडचण इच्छेत नव्हती, अटींत होती. काडतुसं भावाने, म्हणजे व्हर्लनने भरायची. झाडायचीही व्हर्लननेच, मोसमाच्या पहिल्या सकाळी, त्यांच्या नेहमीच्या डबक्यावर. छर्रे कोणते घ्यायचे ते व्हर्लनने ठरवायचं. आणि निदान एक बदक पडलंच पाहिजे. ‘जन्मभर फुकट गेलो नाही, मेल्यावरही जाणार नाही,’ असं हॉलिसने वकिलाला लिहून दिलं होतं, आणि वकिलाने त्यावर शिक्का मारला होता.

विधवा वायलीनने आपल्या बाजूने एकच अट घातली. पडेल ते बदक पुरायचं. चाळीस वर्षं नवऱ्यासाठी रांधलं, आता नवऱ्यालाच रांधणार नाही, असं ती म्हणाली. यावर कुणी वाद घातला नाही.

व्हर्लन अडुसष्ट वर्षांचा, एकटा, निवृत्त. काडतुसं भरायची त्याच्या शेडमध्ये सगळी सोय होती, हातही बसलेला होता. छर्ऱ्यांचा निर्णय तर त्याने वकिलाच्या खुर्चीतून उठायच्या आधीच घेऊन टाकला. दोन नंबरचे. या दोन भावांत चाळीस वर्षं एकच भांडण चाललं होतं. व्हर्लन दोनचा माणूस. छर्रा मोठा, संख्येने कमी, पण लागला की बदक दगडासारखं खाली. हॉलिस चारचा. छर्रा बारीक, पण मूठभर जास्त. व्हर्लन म्हणायचा, चारने बदकाला गुदगुल्या होतात. हॉलिस म्हणायचा, दोनने ढगाला भोकं पडतात. शिशाचे छर्रे होते तोवर दोघांचं जरा तरी जमायचं. सरकारने शिसं बंद करून पोलाद आणलं, आणि शेवटचा समेटही गेला. आता हॉलिस स्वतःच दोनच्या छर्ऱ्यांबरोबर आकाशात जाणार, आणि त्याला एक शब्द बोलता येणार नाही. भाऊ गेल्याचं दुःख होतंच. पण दुःखातही माणसाला थोडी करमणूक लागते.

राहिले डोळे. चार वर्षांपासून व्हर्लनच्या नजरेच्या मधोमध, काचेवर तुपकट अंगठा उमटावा तसा एक डाग बसला होता. कडेचं सगळं दिसायचं, ज्याच्याकडे बघावं ते मात्र नेमकं जायचं. लिटल रॉकच्या डॉक्टरने बंदूक ठेवून द्यायला सांगितलं. व्हर्लनने त्याला विचारलं, मग माझी बदकं पडतात कशी? मागच्या मोसमात व्हर्लनच्या पट्ट्याला, म्हणजे मारलेली बदकं अडकवतात त्या चामडी पट्ट्याला, एकोणतीस बदकं लागली होती. एकोणतीस बदकांपुढे एका डॉक्टरचं काय चालणार?

आणि डबक्यावर कुणाला सांगायची सोय नव्हती. तिथल्या शिकारी मंडळाने नियमच करून ठेवला होता, ज्याला दिसत नाही त्याच्या हातात बंदूक नाही. एका म्हाताऱ्या सभासदाने एकदा खऱ्या बदकांना भुलवायला पाण्यावर सोडलेल्या नकली बदकांवर बार टाकले, ती मरत नाहीत म्हणून बंदूक परत भरून टाकले, त्यानंतरचा हा नियम. तो म्हातारा पुढचे दोन हिवाळे होडीत बसून सगळ्यांचं सँडविच सांभाळत होता. मग तो मेला. व्हर्लनला सँडविच सांभाळायचं नव्हतं.

बुधवारी दुपारी तो राख आणायला वायलीनकडे गेला. तिने पिठाच्या डब्याशेजारून राखेचा डबा काढून दिला, कॉफी ओतली, आणि किती नंबरचे भरतोयस म्हणून विचारलं.

“दोनचे.”

वायलीनने कपाटातून लोणच्याची जुनी बरणी काढून टेबलावर ठेवली. बरणीत तळाला छर्रे होते. बदक साफ करताना मांसातून निघतात ते, कुणाचा दात तुटू नये म्हणून ती एकेक वेचून काढायची. दोन्ही भावांची बदकं तीच सोलायची, कारण व्हर्लनने सोललेल्या बदकाला पिसं तशीच राहायची आणि मांस निघून जायचं.

“हे तुझ्या पट्ट्यावरच्या बदकांतले,” ती म्हणाली. “चार वर्षांचे.”

व्हर्लनने काही छर्रे तळहातावर घेतले. बघून कळेना, म्हणून अंगठ्याखाली फिरवले. मग एक दाताखाली धरला. दोनचा छर्रा मिऱ्याच्या बारीक दाण्याएवढा असतो. हे त्याहून लहान होते. सगळे.

“हॉलिसच्या बदकांत मिसळले असतील.”

“चाळीस वर्षं सोलतेय मी, व्हर्लन. त्याचा पट्टा त्या खिळ्याला, तुझा या खिळ्याला. चार वर्षांत तुझ्याकडे दोनचा एक छर्रा निघाला असेल तर दाखव.”

कॉफी निवत होती. व्हर्लनला हॉलिसची बंदूक आठवली, नेहमी आपल्या डाव्या खांद्याशी, आपल्या बंदुकीच्या बरोबरीने वाजणारी, जणू दोघांचा चाप एकाच बोटाने ओढला. आणि लगेच हॉलिसचा आवाज, “तुझं.” किती वेळा? एकोणतीस वेळा, नुसत्या गेल्या वर्षी.

“तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती मला,” वायलीन म्हणाली. “आता शपथ घालणाराच त्या डब्यात आहे.”

व्हर्लनने विचारलं की एवढं माहीत होतं, तर त्याने मलाच का नेमलं? माझी फजिती करायला?

वायलीनने खांदे उडवले. “तू एकदाचं कबूल करशील म्हणून असेल. कदाचित नुसता विसरला असेल. शेवटी शेवटी तो मलाही नर्स समजायचा.” मग ती म्हणाली, “कर्विनला दे बंदूक. आमचा जावई आहे, त्याचा नेम चांगला आहे. सांग सरळ, दिसत नाही.”

व्हर्लन म्हणाला, बघतो. मग आपण कोणता शब्द वापरला ते त्याच्या लक्षात आलं आणि तो डबा उचलून निघाला.

शेडमध्ये त्याने दोन दिवस घेतले. दोनच्या छर्ऱ्यांची पिशवी पुढ्यात घेतली, ठेवून दिली. ज्याला दिसतं त्याने दोन घ्यावेत. ज्याला दिसत नाही त्याला जास्त छर्रे हवेत, मोठा पसारा हवा, म्हणजे एखादा तरी चुकून वाटेत येईल. चाळीस वर्षांचं भांडण तो वजनाच्या काट्यासमोर एकटा बसून हरला, आणि समोर ऐकणारं कुणी नव्हतं. चार.

त्यातही गोची होती. काडतुसात वजन ठरलेलं असतं. राख घालावी तेवढे छर्रे कमी करावे लागतात. म्हणजे हॉलिस जितका जास्त, तितकी बदक पडायची शक्यता कमी. व्हर्लनने पहिल्यांदा चमचाभर भाऊ घेतला, मग अर्धा केला, मग पाव. पंचवीस काडतुसं झाली. बाकीचा हॉलिस डब्यात राहिला तो राहिलाच. कर्विनला फोन करायचं त्याने शुक्रवारी ठरवलं, आणि शनिवार उजाडला.

डबक्यावर सगळे मिळून आठ जण, मांडीभर पाण्यात, एकेका झाडाला पाठ लावून. पाण्यावर नकली बदकं. गार इतकं की बोलताना दात मधे येत होते. गेलेल्या सभासदासाठी तिथे एक रीत होती. मोसमाच्या पहिल्या सकाळी त्याच्या नावाचं बदक पडेपर्यंत दुसऱ्या कुणी बार टाकायचा नाही. व्हर्लनला ही रीत पाठ होती, त्यानेच ती तीनदा पाळली होती. तरी बाकीच्या सातांनी बंदुका उघडून काडतुसं काढली आणि रिकाम्या बंदुका झाडांच्या खिळ्यांना अडकवल्या, तेव्हा त्याला पहिल्यांदा नीट कळलं की आज त्याच्या डाव्या खांद्याशी कुणीही वाजणार नाही. आदर म्हणून.

पर्व्हिसनी प्रार्थना म्हटली. प्रार्थना चालू असताना वरून चाळीसेक बदकं गेली. कुणी वर पाहिलं नाही, म्हणजे सगळ्यांनी पाहिलं.

मग कर्विनने शिट्टी तोंडाला लावून बदकांना साद घातली, आणि ती आली. वर्षानुवर्षं आली नव्हती तशी आली. पंखांचा आवाज झाडांच्या शेंड्यांवरून खाली उतरला. व्हर्लनने बंदूक उचलली. कडेला कर्विनचं कोपर दिसत होतं, कोपरावरचं ठिगळही दिसत होतं. समोर अंगठ्याचा डाग. त्याने आवाजावर तीन बार टाकले. एक फांदी पडली.

“जवळून गेलं,” कुणीतरी म्हणालं.

पुढच्या तीन बारांनंतर कुणीतरी म्हणालं, वारा आहे. वारा नव्हता. त्यापुढच्या तीनांनंतर कर्विन म्हणाला की दारू ओलसर असेल. बारा काडतुसं झाल्यावर कुणी काही म्हणेना. हॉलिस आकाशात जायचा, करडा होऊन थोडा वेळ थांबायचा आणि सावकाश खाली यायचा. पाण्यावर त्याची साय धरली. थोडा पर्व्हिसच्या कॉफीत पडला. पर्व्हिसनी कपात पाहिलं, विचार केला, आणि कप सकाळभर तसाच हातात धरला. प्यायचा की ओतायचा, यावर कुठे काही लिहिलेलं नव्हतं.

बदकं येतच होती. सात माणसं बंदुकांविना उभी होती आणि त्यांच्या टोप्यांवरून मोसमातली सगळ्यात चांगली सकाळ चालली होती. पंधरा. अठरा. एकवीस. प्रत्येक बाराबरोबर व्हर्लन मनात म्हणत होता, एक. एकच. मग पुन्हा कधी हात लावणार नाही. बाविसाव्या बाराला एक नकली बदक बुडालं.

ते हळूहळू बुडालं, आणि सगळ्यांनी त्याला बुडताना पाहिलं.

व्हर्लनने बंदूक खाली केली. “मला दिसत नाही,” तो म्हणाला.

“केव्हापासून, काका?” कर्विनने विचारलं.

“चार वर्षं.”

“मागच्या वर्षी तर तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाडलीत.”

“हॉलिस पाडायचा. आणि माझी म्हणायचा.”

प्रत्येक जण मनातल्या मनात चार वर्षं मोजत होता, आणि त्या चार वर्षांत आपण व्हर्लनच्या कुठल्या बाजूला उभे होतो ते आठवत होता. एक जण नकळत झाडामागे सरकला. मग कर्विन पाणी तुडवत आला आणि त्याने व्हर्लनच्या हातून बंदूक घेतली, लहान मुलाच्या हातून सुरी घेतात तशी, आधी हसून. उरलेली तीन काडतुसंही घेतली. इच्छापत्रात व्हर्लनचं नाव आहे, मग हे चालेल का, असं त्याने पर्व्हिसकडे बघून विचारलं. पर्व्हिस म्हणाले, एव्हाना हॉलिसलाही थंडी वाजत असेल.

पुढचा थवा उतरला. कर्विनने एकच बार टाकला. पाण्यावर धप्पकन काहीतरी पडलं. कर्विनची कुत्री पोहत गेली आणि तोंडात घेऊन आली.

“काय आहे?” व्हर्लनने विचारलं.

“नर,” कर्विन म्हणाला. “मोठा. हिरव्या डोक्याचा.” आणि ते ऊन, ओलं बदक त्याने व्हर्लनच्या हातात दिलं.

व्हर्लनने सवयीने अंगठा शेपटीवरून फिरवला. नराच्या शेपटीवरची काळी पिसं वर वळून अंगठीसारखी गोल झालेली असतात, अंधारातही कळतात. ही सरळ होती. त्याने पुन्हा फिरवला. सरळच. मादीवर बार टाकणाऱ्याला हॉलिस जन्मभर आंधळा म्हणत आला होता, आणि त्या डबक्यावर सगळ्यांना ते माहीत होतं.

“देखणा नर आहे,” पर्व्हिस म्हणाले. दुसऱ्या कुणीतरी म्हटलं, हॉलिसला आवडला असता. सगळ्यांनी हो हो केलं.

“हो,” व्हर्लन म्हणाला. “डोकं केवढं हिरवं आहे.”

खिळ्यांवरच्या बंदुका एकेक करून खाली आल्या आणि भरल्या गेल्या. व्हर्लन होडीकडे निघाला. होडी त्याला डाव्या कडेला स्वच्छ दिसत होती, तिच्यावर ठेवलेली सँडविचची पेटीसुद्धा. तरी कुणीतरी येऊन त्याचं कोपर धरलं. त्याने ते सोडवून घेतलं नाही.