मोरचुदाचा जोड

फोटो बोटांनी मोठा करता करता सैफुद्दीन सरांचा हात थांबला. चष्मा काढून त्यांनी सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा चढवला आणि पुन्हा तेच पाहिलं. फुलपाखराच्या डाव्या पंखाच्या मुळाशी, जिथं पंख अंगाला भिडतो तिथं, हिरवट-निळी झाक होती. मोहरीएवढीही नसेल. पण होती.

"काय झालं?" हुस्नाबानोनं स्वयंपाकघराच्या दारातून नवऱ्याला विचारलं. "चहा निवून राह्यला ना."

"पितो," सर म्हणाले, आणि प्यायले नाहीत.

कारंज्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवण्यात सरांची उमर गेली. निवृत्त झाल्यावर माणसं कुंड्यांना पाणी घालतात, नाहीतर घरातल्यांच्या कामात खुसपटं काढतात. सरांनी फुलपाखरं धरली. म्हणजे मेलेली, टाचणीला लावलेली, इंटरनेटवर विकायला ठेवलेली. संग्राहकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. जुन्या संग्रहातला नमुना म्हणून कुणीही काहीही खपवायचं: रंग दिलेले पंख, एकाचं धड आणि दुसऱ्याचं डोकं, मिशांच्या जागी ब्रशचे केस. लोक फोटो टाकत आणि सरांची वाट पाहत. सर एकच शब्द लिहीत, 'खरं' किंवा 'खोटं'. 'खोटं' आलं की ग्रुपातली मंडळी विकणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन हुडकून काढत आणि चारचौघांत टांगत. सरांच्या शब्दाला तिथं निकालाची किंमत होती. सरांना ते आवडायचं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आजचा फोटो किसनसिंगचा होता. सरांचा जुना विद्यार्थी, आता पोहरादेवीकडच्या एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवायचा. शाळेच्या कपाटासाठी त्यानं पदरमोड करून 'मोठा चांदवा' जातीचं एक फुलपाखरू मागवलं होतं. डावी बाजू मादीची, तपकिरी. उजवी नराची, काळी, तिच्यावर निळसर कडांचे पांढरे चांद. असं फुलपाखरू निसर्गात क्वचित जन्मतं आणि संग्राहक त्यासाठी जीव टाकतात.

तेवढ्यात त्याचा फोन आला. "सर, पाह्यलं का? खरं हाय ना? मी तं पोराईले सांगून बसलो. रोज विचारून राह्यले, कवा दाखवता म्हनून. अन् गंमत पाहा, पार्सल तुमच्याच कारंज्यातून आलं."

"उद्या सांगतो."

"उद्या? तुमी तं पाह्यल्याबरोबर सांगता."

"उद्या सांगतो, किसन."

पाहिल्याबरोबर कळलंच होतं. असं अर्धं-अर्धं फुलपाखरू खरं असेल तर त्याचं धडही मधोमध वाटलेलं असतं. याचं धड सगळंच्या सगळं नराचं होतं. सरांना अडवलं होतं ते त्या हिरवट झाकेनं.

त्यांचे वडील जिल्दसाज. पुस्तकं बांधायला मैद्याची खळ शिजवायचे आणि तिच्यात चिमूटभर निळसर मोरचूद टाकायचे, म्हणजे कसर लागत नाही. सरांनी तीच खळ कॉलेजच्या संग्रहालयात नेली. फुलपाखराचा पंख निखळला की तिनं जोडायचा आणि टाचणीला खालच्या बाजूला लाल दोऱ्याचे दोन वेढे द्यायचे. लाल दोरा म्हणजे जोडलेलं. बघणाऱ्यानं अखंड समजू नये म्हणून. बाकीचे लोक बाजारातला गोंद वापरतात. मोरचुदाची खळ वापरणारी माणसं सरांच्या माहितीत दोनच. एक ते स्वतः. दुसरी वरच्या खोलीत होती.

फरहा लहानपणी बापाच्या मांडीला मांडी लावून पंख जोडायची. लग्न होऊन अकोल्याला गेली आणि तलाक होऊन परत आली. तिचं मन रमावं म्हणून सरांनीच तिला कॉलेजनं टाकून दिलेल्या मोडक्या फुलपाखरांच्या पेट्या आणून दिल्या होत्या.

सर जिना चढले. मोबाइल लेकीसमोर धरला. तिनं पाहिलं आणि हातातला चिमटा खाली ठेवला. कांगावा केला नाही, याचं सरांना बरं वाटलं.

"कवा ना कवा तुमच्यापाशी येनारच होतं," ती म्हणाली.

"काहून केलं, बेटा?"

"गल्लीतल्या बाया मले पाहून आवाज बारीक करतात, अब्बा. मी दुसऱ्याच नावानं विकलं. घेनाऱ्याले मी कोन, कोनाची सोडलेली, काई माहीत नव्हतं. त्यानं फक्त माह्यं काम पाह्यलं."

"तुह्यं काम कुठं पाह्यलं त्यानं? त्याले वाटलं, हे अल्लानं बनवलं."

फरहा हळूच म्हणाली, "तुमी ओळखलं कशावरून?"

"मोरचूद."

"त्याच्याबिगर कसर लागते. तुमीच सांगत होते."

"अरे, फसवाचंच होतं तं टिकवाचं कायले होतं?"

सरांनी फोटो पुन्हा मोठा केला. तो जोड त्यांच्या स्वतःच्या जोडापेक्षा सफाईदार होता. क्षणभर त्यांना लेकीचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी त्या अभिमानाची शरम वाटली.

जिन्याखाली हुस्नाबानो उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "फोटो साफ नाई, सांगता येत नाई, असं लिहून टाका ना. कोनाचं काय जाते? थे लोक पत्ता काढतीन. पोरगी आधीच गावाच्या तोंडात हाय."

"किसन पोराईले काय दाखवन मंग?"

"अन् आपल्या पोरीचं काय?"

दोन्ही प्रश्न खरे होते. सर रात्रभर कूस बदलत राहिले.

सकाळी नमाजहून आल्यावर ते ओसरीत बसले आणि ग्रुपात लिहिलं, 'खोटं आहे. हे माझ्या घरातलं काम आहे. किसनसिंगचे पैसे आज परत जातील. यापुढे मला कुणी काही विचारू नये.' पुन्हा वाचून पाहिलं. फरहाचं नाव कुठं नव्हतं. पाठवून दिलं.

थोड्या वेळानं किसनसिंगचा फोन आला. "सर... तुमी?"

"माह्या घरातलं हाय, किसन. पोराईले सांग, सर चुकले."

"पन सर, तुमी असं कायले करसान?"

"पैसे आजच पाठवतो," सर म्हणाले. मग किसनसिंग म्हणाला, "ठीक हाय सर," आणि त्यानं फोन ठेवला. त्या 'ठीक हाय'मधला आदर आटलेला सरांना स्पष्ट ऐकू आला. इतरांनी तेवढीही भीड ठेवली नाही. म्हाताराच आजवर विकत होता आणि म्हाताराच निकाल देत होता, असं कुणीतरी लिहिलं आणि सगळ्यांना ते पटलं. सरांनी खुलासा केला नाही. दुपारी त्यांना ग्रुपातून काढून टाकलं.

मायलेकींना हे संध्याकाळी कळलं. हुस्नाबानोनं पदर डोळ्यांना लावला. फरहा म्हणाली, "मी लिहितो अब्बा, मी केलं म्हनून."

"नको. जोडाले मीच शिकवलं ना तुले."

पुढच्या आठवड्यात पार्सल परत आलं. सकाळची वेळ होती. पूर्वी या वेळेला सरांचा मोबाइल सारखा वाजायचा. आता तो खिडकीत मुका पडून होता. फरहानं खोकं उघडलं, कापूस बाजूला केला. चांदवा धड होता, प्रवासात जोड हललासुद्धा नव्हता. ती आता तो मोडून टाकेल असं सरांना वाटलं.

"अब्बा, लाल दोरा कुठं हाय?"

सरांनी टेबलाच्या खणातून रीळ काढून दिलं. तिनं टाचणी दोन बोटांत धरली, खालच्या बाजूला दोन वेढे दिले, बारीक गाठ मारली आणि उरलेला दोरा दातानं तोडला. दातानं दोरा तोडू नको, हे सर तिला लहानपणापासून सांगत आले होते. आज त्यांनी नुसतं रीळ उचलून खणात ठेवलं.