बिनठशाचा क्रूस

शनिवारची दुपार होती. ओनोफ्रेच्या बायकोने, अपोलोनियाने, रस्त्याकडचं दार सताड उघडं ठेवून डुकराची चरबी कढवायला घेतली होती. आमच्या चांदीकारांच्या गल्लीत शनिवारी हे करावंच लागतं. शनिवारी यहुदी चूल पेटवत नाहीत आणि डुकराला तर कधीच शिवत नाहीत. यहुदी पूर्वजांचा बाप्तिस्मा होऊन शतकं उलटली, तरी आमच्या बेटावरच्या या पाल्मा शहराला अजून आमचा वास घेतल्याशिवाय आम्ही ख्रिस्ती असल्याची खात्री पटत नाही.

फादर लोरेन्स आत आले. मी शेजारचा कारागीर, ओनोफ्रेच्या भट्टीवर माझं काम करत बसलो होतो.

"घेतायत ना पोरीला मठात?" ओनोफ्रेने विचारलं.

"मुलगी गुणी आहे, म्हणाल्या मठाच्या मदर. पण आडनाव तारोन्जी, ऐकताच तुमची गल्ली कळते. बाकीच्या सिस्टरांचे आईबाप कुरकुरतील."

"त्यांच्या वेदीवरचा चषक मी घडवलाय. तेव्हा नाही कुणी कुरकुरलं."

"माझ्यावर कशाला चिडतोस? देवाला सगळे सारखेच. पण लोकांना दुखवून चर्च चालत नाही, बाबा."

त्या लोकांत आम्ही धरलेले नव्हतो. मला असा संताप आला, पण मी भट्टीचा भाता मारत राहिलो.

फादरांनी तोडगाही आणला होता. समुद्रापलीकडे बार्सिलोनाच्या मठात तिला घेतील. मात्र आडनाव, गाव काही सांगायचं नाही, घरच्यांनी पत्र पाठवायचं नाही आणि भेटायलाही जायचं नाही.

"म्हणजे आम्ही मेलो असंच समजायचं," अपोलोनिया म्हणाली.

त्यांची मुलगी कोलोमा दाराशी उभी होती. लहानपणापासून तिला मठाशिवाय दुसरं काही नकोच होतं. "मी जाते, बाबा," ती म्हणाली, आणि मग रडली.

आठवडाभर ओनोफ्रे रात्री जागून काहीतरी घडवत होता. निघायच्या दिवशी त्याने तिच्या हातात चांदीचा छोटा क्रूस ठेवला. तिने त्याचं चुंबन घेतलं, उलटा करून पाहिला. मागे त्याचा ठसा होता. इथला प्रत्येक कारागीर आपल्या कामावर असा ठसा उमटवतो.

"बाबा, तिथे आपल्या बेटावरच्या दोन सिस्टर आहेत म्हणे. त्यांनी हा ओळखला तर?"

"खरंच की. माझ्या ध्यानातच नाही आलं, बाळा."

त्याने कानस घेतली आणि ठसा घासून काढला. क्रूस पुसून परत दिला. ती बोटीकडे गेली. तो बंदरावर गेला नाही.

आमच्या धंद्यात चांदीचा कीस कुणी वाया घालवत नाही, काम करताना मांडीवर पसरलेल्या चामड्यातून कणन् कण गोळा करतो. ओनोफ्रे उठला, दारात गेला आणि ते चामडं त्याने रस्त्यावर झटकलं.