दर्यापूरचा निरोप

मी अमरावतीतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यातला जुना संगणक आहे. प्रशासक चंद्रभानजींच्या खोलीत, कूलरमागच्या कोपऱ्यात माझी जागा. आधी मी बिलं छापायचो. नवीन संगणक आले आणि मला भंगारात काढायचं ठरलं. तेव्हा रश्मी म्हणाली, "सर, हा मले द्या. याच्याकडून दुसरं काम करून घेते."

रश्मी पातूरची. दवाखान्याचं नेटवर्क सांभाळायला कंत्राटावर आलेली. तिने माझ्यातलं जुनं सगळं पुसून लिनक्स टाकलं आणि नेटवर्कवर नजर ठेवणारं एक सॉफ्टवेअर बसवायला घेतलं. मोफत, कुणीही वापरावं असं. पण ते बसेच ना. डेटाबेस सुरू व्हायचा की लगेच बंद. ती काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची, चूक आली की शोधायची, पुन्हा टाइप करायची. कंटाळली की मला विचारायची, "काहून रुसून राहिला बाबा?"

शेवटी जमलं. पडद्यावर तिवसा, दर्यापूर अशी आमच्या लहान दवाखान्यांची नावं उमटली आणि प्रत्येकापुढे हिरवा ठिपका. संपर्क तुटला की ठिपका लाल होणार आणि मी रश्मीच्या मोबाइलवर निरोप धाडणार. भंगारात निघालो होतो मी. पुन्हा कामाचा झालो.

दर्यापूर सारखं लाल व्हायचं. तिथल्या नेटच्या यंत्राची बॅटरी मेलेली, लाइट गेली की सगळं बंद. तिथल्या रोग्यांच्या हृदयाचे आलेख त्याच वाटेने इथल्या डॉक्टरांकडे येत, म्हणून रश्मी नवी बॅटरी मागायची. "पाहू न," चंद्रभानजी म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, पण प्रत्येक काम उद्यावर टाकायचा. पुढे रश्मीचं कंत्राट वाढवलं नाही. ती अकोल्यात दुसरीकडे लागली. माझ्यात नंबर मात्र तिचाच राहिला.

निरोप गेला की ती तिकडून चंद्रभानजींना फोन करायची.

"तू आता आपल्याकडं नाई न रश्मी," चंद्रभानजी म्हणायचे, "कायले डोक्याले ताप करून राहिली?"

उन्हाळ्यात एका दुपारी दर्यापूर लाल झालं. मी निरोप धाडला, रश्मीचा फोन आला. चंद्रभानजी जेवत होते. "पाहतो," म्हणाले आणि विसरले. मग दर्यापूरच्या शकुन सिस्टरचा फोन आला.

"सर, पार्वताबाईंच्या छातीत दुखून राहिलं. आलेख केव्हाचा धाडला. डॉक्टर काहून काही सांगत नाई?"

आलेख आलाच नव्हता. धावपळ करून मोबाइलवर त्याचा फोटो मागवला. डॉक्टरांनी तो पाहिला आणि बाईंना लगेच इकडे घेऊन यायला सांगितलं. गाडी अमरावतीच्या अलीकडे वलगावला पोहोचली, तेव्हा पार्वताबाई गेल्या होत्या.

हे कळल्यावर रश्मी अकोल्याहून आली. दवाखान्याने नेटवर्कचं काम आता एका कंपनीला दिलं होतं; तिचा माणूस माझ्यातून रश्मीचा नंबर काढत होता.

"सर, माहा नंबर नको असन तर तुमचा टाका," ती म्हणाली. "कोणाचा तरी टाका."

चंद्रभानजींनी माझ्या पडद्याकडे पाठ केली. "माहा जीव घाबरते आता ते लाल पाहून," ते म्हणाले.

रश्मी निघून गेली. नंबराची जागा रिकामीच राहिली.

बॅटरी अजून तीच आहे. माझा पडदा दुसऱ्या टेबलावर नेला. मी मात्र चालूच आहे. रश्मीने बसवलेलं सहजी बंद पडत नाही. दर्यापूरची लाइट गेली की मला लगेच कळतं. निरोप तयार होतो, पण तो कुणाला द्यायचा तेच माझ्याकडे लिहिलेलं नाही.

तुमच्यापैकी कुणी या खोलीत कामाला आलात, तर कूलरमागे जरा वाकून पाहा आणि माझ्यात तुमचा नंबर टाका. कुणी येईल, असं मला वाटत नाही.