मोगऱ्याच्या तेलाची बरणी

मित्रांनो, मी एक जुनी बरणी आहे आणि जन्माने लोणच्याची. चिनी मातीची, खाली पांढरी आणि गळ्याशी तपकिरी. पण माझ्या पोटात कैरीची एक फोडही कधी पडली नाही. शाहूपुरीत अत्तराची पेटी घेऊन बसणाऱ्या निसारभाईंनी मला विकत घेतले आणि उचगावला आणून आपल्या बायकोच्या, रोशनबीच्या, हाती दिले. तेव्हापासून मी मोगऱ्याची झाले.

रोशनबीने गच्चीवर पत्र्याच्या डब्यांतून मोगरा वाढवला होता. संध्याकाळी ती टपोऱ्या कळ्या खुडायची, सुती फडक्यावर पसरून त्यांची ओल जाऊ द्यायची आणि मग माझ्यातल्या घाण्याच्या तीळतेलात सोडायची. दुसऱ्या दिवशी कोमेजलेली फुले काढायची, ताज्या कळ्या टाकायच्या. असे करता करता तेल सगळा वास पिऊन घ्यायचे. फुले कधी काढायची ते तिचे नाक ठरवायचे, कारण उशीर झाला की फुले कुजतात आणि तेल खवट होते. उचगावातल्या कितीतरी नवऱ्या हळदीला माझे तेल केसांना लावून बसल्या. माझा तोरा तेव्हा काय विचारता.

पुढे निसारभाई वारले. पाठोपाठ कोरोनाच्या तापात रोशनबीला वास येईनासा झाला, तो पुन्हा आलाच नाही. तिने कुणाला सांगितले नाही. ती माझ्या तोंडाशी नाक आणून लांब श्वास घ्यायची, पुन्हा घ्यायची, आणि मग सुनेला, नसरीनला, हाक मारायची. वास धरलाय का बघ, एवढेच म्हणायची.

पहिल्यांदा तेल बिघडले तेव्हा मला स्वतःचीच शिसारी आली. नसरीनने वाकून वास घेतला, नाक मुरडले आणि म्हणाली, "लई झ्याक झालंय, अम्मी."

नसरीन वाईट नाही. घरातले माणूस नुकतेच गेलेले, म्हातारीचे मन कशाला मोडायचे, असे तिला वाटले. शेजारच्या आक्कांनीही बाटलीभर तेल नेले, तोंड भरून कौतुक केले आणि दाराच्या बिजागऱ्यांना घातले. त्या आणि नसरीन माझ्यासमोरच यावर हसल्या. रोशनबी मात्र खुशीत नवी फुले टाकत राहिली. मी ओरडून सांगितले असते, पण बरणीचे कोण ऐकते?

मग नातीचे, फरहीनचे, लग्न ठरले. तिच्या हळदीला आपल्या हातचे तेल लावायचे, एवढी एकच इच्छा रोशनबीला उरली होती. उन्हाळाभर तिने दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढून गच्चीवर पाणी नेले. मोगरा असा फुलला की पाने दिसेनात. ती सगळी फुले माझ्यात येऊन कुजली.

हळदीच्या सकाळी नसरीनने मला मोरीत उपडे केले, साबणाने घासले आणि बाजारातले सुगंधी तेल माझ्यात ओतले. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

बायका गाणी म्हणत होत्या. फरहीन पाटावर बसली होती. रोशनबीने माझ्यात बोटे बुडवली, अंगठ्याने तेल चोळले आणि थांबली. तीळतेल बोटांना धरून राहते, हे नुसतेच निसटत होते. तिने नसरीनकडे पाहिले. नसरीनने मान खाली घातली. रोशनबीने तेच तेल नातीच्या केसांना लावले. काय वास सुटलाय दादी, असे फरहीन म्हणाली, तेव्हा ती हसलीसुद्धा.

पाहुणे गेल्यावर तिने नसरीनला जवळ बसवले. ती रागावली असती तर मला बरे वाटले असते.

"कवापासनं खराब हुतं?"

"अब्बा गेले तवापासनं. तुमास्नी वाईट वाटंल म्हणून बोलली न्हाय."

"मला वासच येत न्हाय गं. तुझ्या नाकावर चाललं हुतं माझं."

नसरीन खूप रडली. काही दिवसांनी तिने स्वतः कळ्या खुडून आणल्या, परत करूया म्हणाली, यावेळी खरे तेच सांगते म्हणाली. रोशनबीने कळ्यांवरून हात फिरवला.

"आता तू खरं बोललीस तरी मला कसं कळणार?"

तेव्हापासून मी गच्चीच्या कोपऱ्यात उपडी पडून आहे. मोगरा अजून फुलतो, गळतो, मातीत काळा पडतो. रोशनबी वर येत नाही.

मित्रांनो, माझे सोडा, मी लोणच्यालाही चालेन. पण कुणी विश्वासाने एखादी बरणी तुमच्या नाकाशी धरली आणि आतले बिघडलेले असले, तर बिघडलेय म्हणा. पहिल्याच दिवशी म्हणा.