पहिली बट

नायराचे केस जन्मापासून कापले नव्हते. आमच्याकडे कुस्कोत पहिली बट धर्मबापानं कापायची असते. सासूबाईंनी सकाळीच तिच्या केसांना रिबिनी बांधल्या आणि मग सांगितलं, धर्मबाप म्हणून माझ्या विद्यापीठातल्या डॉक्टरांना बोलावलंय. त्यानं माझ्या प्रबंधाचंही भलं होईल, असं त्यांचं म्हणणं. माझा नवरा विल्बर्ट अंगणात मेजवानीसाठी गिनीपिग भाजत होता. त्यानं मान वर केली नाही, म्हणजे त्याला ठाऊक होतं.

मला काहीच वाटलं नाही. बाळंतपणापासून असंच आहे. मुलीवरची नजर तेवढी हलत नाही.

डॉक्टर होनोरातो माझे मार्गदर्शक. इंकांनी कुठला मुलूख कधी जिंकला, हे त्यांनी स्पॅनिश अमलात नोंदवलेल्या म्हाताऱ्या साक्षीदारांच्या जबान्यांवरून मांडलंय. त्यांचं पुस्तक त्यावरच उभं आहे. माझं चौथं प्रकरण म्हणतं, त्या जबान्या म्हणजे स्पॅनिश अधिकाऱ्यांनी आधीच ठरवलेल्या प्रश्नांना दिलेले नुसते होकार. गुरुवारी ते परीक्षकांपुढे मांडायचं होतं. आता डॉक्टर आमचे कंपाद्रे, म्हणजे मुलीचे धर्मबाप होणार, घरचेच. आणि कंपाद्रेला कुस्कोत कुणी चारचौघांत खोडून काढत नाही.

डॉक्टर आले, मक्याची दारू प्यायले. सासऱ्यांनी विचारलं, कात्री चालवता येते ना, की नुसती पुस्तकंच?

"पुस्तकं तर तुमची सून कापतेय," डॉक्टर म्हणाले. सगळे हसले.

सासूबाईंनी नायराला मांडीवर घट्ट धरलं. कात्रीचं टोक तिच्या कानाशी आलं. मी फक्त तेवढंच बघत होते. ते थांबलं.

"पोरी, तुला कळतंय ना?" डॉक्टर हळूच म्हणाले. "ही बट कापली, की गुरुवारी तू माझ्याविरुद्ध बोलायचं नाहीस. मीही तुला अडवणार नाही. सुखानं पदवी घे. कापू?"

"काय विचारता, कापा की," सासूबाई म्हणाल्या.

कानामागची शीर निळी दिसत होती.

"नका कापू, डॉक्टर."

माझा आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. सासूबाईंनी विल्बर्टकडे पाहिलं. तो निखाऱ्यांकडे बघत राहिला. डॉक्टरांनी कात्री बशीत ठेवली आणि टोपी उचलली. सासरे जेवून जा म्हणत फाटकापर्यंत मागे गेले, पण डॉक्टर थांबले नाहीत.

"गुरुवारी वेळेवर या, बाई," जाताना ते मला म्हणाले. आजवर त्यांनी मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

मी नायराला उचलून घेतलं. ती रडत होती, ते मला तेव्हा ऐकू आलं.