गोष्टीतली खोटी जागा

परक्या माणसासमोर गोष्ट सांगताना एदुविना मावशी त्यात एक थाप ठोकायचीच. तळ्याकाठच्या सगळ्या म्हाताऱ्यांची ती रीत. घरच्यांना गोष्ट खरी. पाहुण्यालाही तीच, फक्त जागा खोटी. ऐकणारा खूश, तळं सुखरूप. मधे कोणी हसायचं नाही, कोणी चूक काढायची नाही.

घरातल्याच झुल्माला हे दुधाचे दात होते तेव्हापासून ठाऊक. तरी तिचं तोंड सुटलं.

झालं असं, नदीपलीकडच्या शाळेचे रेमिहियो मास्तर वही घेऊन आले. यांच्याच वर्गातून झुल्मा दोन वर्षांपूर्वी बाक ढकलून उठली होती, ती परत काही गेली नाही. मावशीनं मास्तरांच्या हातात कसाव्याच्या कंदाच्या आंबट पेजेची वाटी दिली.

"तुमच्या गोष्टींचं पुस्तक काढतोय, मावशी," मास्तर म्हणाले. "त्यात माणसाचं आणि निसर्गाचं नातं आहे."

"नातं? सोयरीक जमवताय की काय, मास्तर? मग नवरी कोण, तळं का मी?"

मास्तर कसंनुसं हसले. मावशीनं गोष्ट लावली. तळ्याची आई म्हणजे काळी अजगरीण, ती पाण्याखाली निजते. पैचे नावाचे मासे, माणसाहून लांब धूड एकेक, तिच्या कुशीत पिल्लं वाढवतात. तिथं जाळं टाकलं की आधी तळं रिकामं होतं, मग गाव.

"पण निजते कुठं?" मास्तरांनी पेन्सिल रोखली.

"काळ्या ओढ्याच्या तोंडाशी," मावशी म्हणाली. पापणीसुद्धा हलली नाही.

"अहो, तो ओढा उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा! अजगरीण काय चिखलात लोळते? गोष्टीला काही ताळतंत्र?" मग मास्तर झुल्माकडे वळले. "बघ, शाळा सोडली की हे असं होतं. कोणी काहीही सांगावं आणि आपण नंदीबैलासारखी मान हलवावी."

झुल्माच्या मस्तकात तिडीक गेली. "मावशीला अक्कल शिकवू नका! आई रेनाकोच्या तीन झाडांखाली निजते! पलीकडच्या वाकणात, पारंब्या पाण्यात उतरल्यात ना, तिथं!"

पेन्सिल वहीवर चालायला लागली. मावशीनं वाटी उपडी ठेवली आणि चुलीकडे गेली.

पुराचं पाणी उतरलं तेव्हा पुस्तक आलं. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. अकराव्या पानावर वाकण, तीन झाडं आणि खाली वेटोळं घालून झोपलेली आई. मावशीला वाचता येत नव्हतं. चित्रावर तिनं बोट ठेवलं, ते बराच वेळ उचललंच नाही.

"काढलंय झकास," ती म्हणाली. "आता हे कोण कोण वाचणार गं?"

आठव्या दिवशी मोटरबोट आली. तीन माणसं, बर्फाच्या चार पेट्या. झुल्मा काठावर कपडे आपटत होती. पुढच्या माणसाच्या हातात तेच पुस्तक, पानात बोट घालून धरलेलं.

"पोरी, हे वाकण कुठल्या अंगाला?"

"पुस्तक खोटं आहे. आई काळ्या ओढ्यापाशी निजते."

"छापलेलं खोटं आणि तुझं खरं होय? कितवी शिकलीस?"

बाकीचे दोघं फिदीफिदी हसले. बोट बरोबर वाकणाच्या दिशेनं गेली.

झुल्मानं कपडे तिथंच टाकले, होडी ढकलली. वल्हं मारून मारून तळहात सोलून निघाले. पण मोटरशी कोण बरोबरी करणार? अर्ध्या वाटेवर तिला पाण्यावर धपाधप आपटल्याचे आवाज आले, मग ते थांबले. थोड्या वेळानं बोट समोरून परत आली, माशांच्या भारानं काठोकाठ पाण्यात बसलेली. पुस्तकवाल्यानं तिला हात केला.

त्या झाडांखाली गावातलं कोणी जात नसे. झुल्मा गेली. पारंब्यांत एक पाखरू नव्हतं. पाण्यावर मोठमोठे खवले तरंगत होते.

मग होडीभोवती पाणी तडतडायला लागलं. तिनं वाकून पाहिलं. पिल्लं होती, बोटाएवढी, काळी, शेकड्यांनी. पिल्लं सांभाळताना पैचे नराचं डोकं काळं पडतं आणि पिल्लं त्या काळ्याला धरून पोहतात. होडीचा तळ डांबर लावून काळा केलेला.

"ए, जा ना! मी नाही तुमचा बाप!"

तिनं वल्हं मारलं. पिल्लं मागोमाग आली. ती थांबली, पिल्लंही थांबली.

आता बाहेरच्या अंगाला पाणी हललं. इथं एक वलय, तिथं एक, मग सगळीकडून. दातेरी पिरान्हा माशांना कळलं होतं राखणदार उरला नाही ते. होडी हलली की घोळका विस्कटायचा, आणि मागे पडलेली पाच-पन्नास पिल्लं गपकन दिसेनाशी व्हायची. पाणी तेवढ्यापुरतं लाल व्हायचं.

झुल्मानं वल्हं मांडीवर आडवं घेतलं. श्वाससुद्धा हळू सोडला. ऊन पारंब्यांवरून उतरत चाललं होतं. लांबून, गावाच्या बाजूनं, मावशीची हाक आली, "झुल्माऽऽ! ए झुल्मे!"

तिनं ओ दिली नाही. होडीच्या बुडाला पिल्लं मऊ मऊ धडकत होती. बाहेरचं पिरान्हांचं कडं आणखी हातभर आत आलं.