पाटलांशिवाय सुटलेली नाव

"पाटील येऊ द्या की, महिपती," नावेत बसलेला नथू म्हणाला, आणि महिपतीने सोडायला घेतलेला दोर हातातच राहिला.

इंद्रायणी दुथडी भरली होती. लोकल बोर्डाचं मतदान पलीकडच्या शाळेत होतं, पाच वाजता पेटी बंद व्हायची, आणि ही शेवटची खेप. निवडणुकीला उभे होते खुद्द दत्तोबा पाटील. पण वेळेवर यायची त्यांना सवयच नव्हती. त्यांच्याशिवाय नाव सुटत नसे, हा गावचा कायदाच होता म्हणा ना.

याच कायद्यापायी अकरा वर्षांपूर्वी महिपतीची बायको रतनबाई गेली. तिला साप चावला होता, दवाखाना पैलतीराला, आणि पाटील घरी जेवत होते. तासभर ती याच फळ्यांवर तडफडली. नावेतला एकही माणूस 'सोड' म्हणाला नाही. महिपतीनेही सोडली नाही. हे शेवटचं मात्र तो कधी कुणापाशी बोलला नव्हता.

एवढ्यात पाटील दिसले. छत्री धरून, पान चघळत, अगदी सावकाश येत होते.

महिपतीच्या अंगाची लाहीलाही झाली. "आज समद्यांना इचारून नाव सुटंल," तो म्हणाला. "आत्ता निघायचं म्हननाऱ्यांनी हात वर करा."

कुणी हलेना. जो तो आपल्या पायांकडे बघू लागला. महिपतीने वल्हं फळीवर आपटलं. "ऐकू येतंय न्हवं? नदी लय खोल हाय."

नथूचा हात वर गेला. मग बाकीचे हातही भराभर वर गेले.

नाव सुटली. "ए महिपत्या! थांब म्हन्तो ना!" पाटील चिखलातून धावत सुटले. छत्री पडली, पागोटं पडलं. पाटलांना धावताना गावाने आजवर पाहिलं नव्हतं. काठाकडे तोंड करून महिपतीने ते डोळे भरून पाहिलं. काय गोड वाटलं त्याला!

"बघ गं रतने," तो मोठ्यानं म्हणाला. "गावानं ठरवलं. म्या एकट्यानं न्हाई."

भाजीची पाटी घेऊन बसलेल्या झुंबरबाईला मत नव्हतं, आणि तिने हातही वर केला नव्हता. "गावानं व्हय?" म्हातारी म्हणाली. "जरा मागं वळून बघ की."

महिपती वळला. नाव नदीच्या मध्यावर आली होती, आणि बाकी सगळ्यांचे हात अजून वरच होते.

"खाली घ्या आता," तो खेकसला.

सगळे हात एकदम खाली आले.